तबलजीतला ‘जी’

पदव्युत्तर लघुप्रबंधांच्या विषयांना मान्यता देण्यासाठी जी बैठक भरते, तिच्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : “विषय चांगला आहे, पण तो आपला नव्हे.” जामजवळच्या एका खेड्यातील विद्यार्थिनीच्या वाट्याला ते आले. ‘बैलाविषयीची न्यायालयीन भाषा आणि ग्रामीण कथेतील बैल’ हा तिचा विषय. तिच्या घरी शंकरपटाची जोडी होती. समितीने तिला विधी शाखेचा रस्ता दाखवला, आणि मीही त्या खोलीत बसून गप्प राहिलो. हा लेख त्या गप्प राहण्याबद्दल आहे, असे समजावे.

‘आपला विषय’ म्हणजे नेमके काय? एका लेखकाची एक कादंबरी घ्यावी, तिच्यातील स्त्रीचित्रण, समाजचित्रण अथवा बोलीचे विशेष पाच प्रकरणांत मांडावेत आणि सहाव्यात निष्कर्ष काढावेत, एवढाच जर आपला विषय असेल, तर आपण भाषेचे अभ्यासक नसून एका कपाटाचे राखणदार आहोत.

त्या मुलीचाच विषय पाहा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. त्या निकालात प्राण्याच्या प्रतिष्ठेची भाषा आली. जगणे म्हणजे केवळ जिवंत राहणे नव्हे, हा विचार माणसापलीकडे नेला गेला. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अशा दुरुस्त्या वैध ठरवल्या. प्राण्यांना मूलभूत हक्क बहाल करणारा पूर्वाधार नाही, असेही त्या पीठाने म्हटले. मग बैल कोण? १८६० च्या दंडसंहितेने जनावर मारण्याचा गुन्हा मालमत्तेच्या प्रकरणात घातला होता. बैलासारख्या जनावरांना त्यात किमतीची अट नव्हती, इतर प्राण्यांना मात्र दहा आणि पन्नास रुपयांच्या अटी होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने त्या अटी काढल्या, पण गुन्हा राहिला मालमत्तेच्याच प्रकरणात. आता मराठीकडे या. ‘प्राणी’ म्हणजे प्राण असलेला, आणि फारसीतून आलेला ‘जनावर’ म्हणजे जान असलेला. दोन्ही शब्द जे सांगतात, ते कायद्याला धडपणे म्हणता आलेले नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे मळणारा शेतकरी आणि बाजारात त्याच बैलाचा भाव करणारा शेतकरी एकच असतो. हा ताण मराठी ग्रामीण कथेने पिढ्यान्‌पिढ्या हाताळला आहे. तो कोण वाचणार? वकील?

दुसरे उदाहरण माझ्या वर्गातले. ‘तबलजी’, ‘मशालजी’ या शब्दांतील ‘जी’ आदरार्थी आहे, असे एका विद्यार्थ्याने लिहिले. चूक स्वाभाविक होती. हा ‘जी’ मुळात तुर्की प्रत्यय आहे. अमुक काम करणारा, अशा अर्थाने तो फारसीत गेला आणि तेथून आपल्याकडे आला. आजच्या तुर्कीत पत्रकाराला ‘गझेतेजी’ म्हणतात. तुर्कीत हा प्रत्यय आधीचे स्वर-व्यंजन पाहून रूप पालटतो. मराठीत येईपर्यंत ती लवचीकता संपली आणि ‘ची’ वा ‘जी’ एवढेच उरले. आपली ‘तोफ’ही तुर्कीच.

इथे थांबण्याचे कारण नाही. तुर्कस्तानने १९२८ मध्ये लिपी बदलली, १९३२ मध्ये भाषासंस्था स्थापली आणि अरबी-फारसी शब्द वेचून काढायला घेतले. साधारण त्याच काळात आपल्याकडे सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ भरात होती. १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध करणारे माधव जूलियनही पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले, हे आपल्या वाङ्मयेतिहासातील मोठे कोडे आहे. तिकडे राज्यसत्तेने चळवळ हाती घेतली, आणि केमाल आतातुर्क यांचे १९२७ मधील गाजलेले भाषण पुढच्या पिढ्यांसाठी आधुनिक तुर्कीत उतरवावे लागले. इकडे ‘दिनांक’ आला, पण ‘तारीख’ गेली नाही. असे का झाले, या प्रश्नावर एक चांगला प्रबंध व्हायला हवा. त्यासाठी थोडी तुर्की शिकावी लागेल, हे खरे. मग शिकावी. संस्कृत न शिकता ज्ञानेश्वरीवर प्रबंध लिहिणारे आपल्याला चालतातच की!

आणि विश्वरचनाशास्त्र? ते तर सर्वांत दूरचे वाटेल. ‘महास्फोट’ हा शब्द आपण बिनदिक्कत वापरतो. पण ते मूळ इंग्रजी नाव १९४९ मध्ये फ्रेड हॉईल यांनी नभोवाणीवरील भाषणात दिले, आणि हॉईल त्या सिद्धान्ताचे विरोधक होते. स्फोट म्हटला की रिकाम्या जागेत काहीतरी फुटल्याचे चित्र उभे राहते. सिद्धान्त सांगतो तो अवकाशाचाच विस्तार. शब्दाने केलेली ही दिशाभूल भाषेच्या विद्यार्थ्याने नाही ओळखायची, तर कोणी? हॉईल यांचे शिष्य जयंत नारळीकर (निधन २० मे २०२५) हेही त्या सिद्धान्ताबाबत अखेरपर्यंत साशंक राहिले, आणि त्यांनी मराठीत कथा लिहिल्या. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्यांच्या विज्ञानकथांचे कथानक-पात्रचित्रण तपासणारे लघुप्रबंध आपण मान्य करतो. मग त्यांच्या परिभाषेचा विषय परका कसा?

आक्षेप येईल की अशाने उथळपणा बोकाळेल, मार्गदर्शकालाच विषय येणार नाही. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. मला कायदा येत नाही. पण ज्याला तो येतो अशा सहमार्गदर्शकाकडे जाण्यात कमीपणा कसला? उथळपणाचे म्हणाल, तर पाच प्रकरणांच्या साच्यातून आलेल्या प्रबंधांची खोली आपण सर्वांनी मौखिक परीक्षेत मोजलेली आहे.

त्या विद्यार्थिनीने अखेर एका ग्रामीण कादंबरीतील समाजचित्रण हा विषय घेतला आणि वेळेत पूर्णही केला. दुसऱ्या प्रकरणात बैलावर दीड पान आहे. तेवढेच दीड पान मी दोनदा वाचले.