भाजल्यावर मध : सुश्रुतसंहिता ते सोलापूर

१/ भाजलेल्या जखमेवर मध लावण्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकाच्या मते पूर्वजांना सारे ठाऊक होते; दुसऱ्याच्या मते हा निव्वळ आजीबाईचा बटवा. सुश्रुतसंहिता आणि सोलापूर यांचा इतिहास एकत्र वाचला, तर दोघांचीही अडचण होते.

२/ सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माचा, म्हणजे उपचार म्हणून डागण्याचा आहे. योग्य रीतीने डागल्यावर त्या जागी मध व तूप लावावे, असे तेथे सांगितले आहे. होरपळलेल्यांसाठी त्याच अध्यायात वेगळा योग आहे : मधमाश्यांचे मेण, ज्येष्ठमध, लोध्र, राळ, मंजिष्ठा, चंदन आणि मूर्वा घालून सिद्ध केलेले तूप.

३/ जळिताचे चार प्रकारही येथेच येतात : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. त्वचेचा रंग पालटण्यापासून मांस लोंबू लागण्यापर्यंत ही चढती भाजणी आहे आणि प्रत्येकीचा उपचार निराळा आहे. सर्व जखमांना एकच औषध, हा विचार या ग्रंथाचा नव्हेच.

४/ मात्र हाच अध्याय प्लुष्टावर शेक द्यावा, उष्ण औषध लावावे, गार पाणी वापरू नये, असेही बजावतो. आजचे वैद्यक नेमके उलट सांगते : ताज्या भाजण्यावर सुमारे २० मिनिटे वाहते गार पाणी. एकाच अध्यायातले एक वचन टिकते, दुसरे टिकत नाही. प्राचीनता हा पुरावा नव्हे, तो इथे असा.

५/ मग पुरावा कोणता? १९९१ साली सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध केला. ५२ जणांना मध, ५२ जणांना रूढ सिल्व्हर सल्फाडायझिन. १५ दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरल्या. दुसऱ्या गटात १० टक्के.

६/ कारणमीमांसा गूढ नाही. मधातील दाट साखर जंतूंचे पाणी शोषून घेते, त्याची आम्लता त्यांना मानवत नाही, आणि जखमेतील स्रावाने मध पातळ झाला की मधमाशीकडून आलेले विकर हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते.

७/ खरा मोठेपणा पुढे दिसतो. १९९९ मध्ये याच डॉक्टरांनी मध्यम जळितांसाठी मधाची तुलना लवकर शस्त्रक्रिया करून त्वचारोपण करण्याशी केली आणि शस्त्रक्रियाच सरस ठरल्याचे स्वतः प्रसिद्ध केले. ज्या औषधाने नाव दिले त्याची मर्यादाही त्यांनीच जगापुढे मांडली.

८/ २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेने अर्धवट खोलीच्या जळितांत मधामुळे जखमा रूढ ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस आधी भरतात, असा निर्वाळा दिला. इतर अनेक जखमांबाबत मात्र पुरावा अपुराच ठरवला.

९/ यातून स्वयंपाकघरातली बरणी उघडण्याची मुभा मिळत नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम जंतूंचे बीजाणू असू शकतात. म्हणूनच रुग्णालयांसाठीचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. बाजारातल्या मधात साखरेच्या पाकाची भेसळ असेल, तर जखमेवर काय लागते आहे हेच कळत नाही. खोल भाजलेल्या माणसाचा मध लावण्यात गेलेला वेळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. आधी गार पाणी, मग स्वच्छ कापड, मग दवाखाना.

१०/ अभिमान बाळगायचाच, तर तो केवळ ‘आमच्या ग्रंथात होते’ याचा कशाला? ग्रंथातले आणि घरातले औषध रुग्णशय्येजवळ मोजून पाहावे, यशाइतक्याच निष्ठेने मर्यादाही छापावी, ही सोलापूरची रीत अधिक अभिमानास्पद आहे. चार प्रकारची जळिते वेगवेगळी पाहणाऱ्या सुश्रुतांच्या परंपरेला तीच अधिक शोभते.