खरखर आणि बोल

रेडिओ खरखरू लागला की आपल्याकडे दोन उपाय ठरलेले : आवाजाची कळ पिळावयाची, नाहीतर कौलांवरून आणखी लांब तार ताणावयाची. माझ्या मते हे दोन्ही उपाय बहुधा व्यर्थ होत.

यंत्राला बोल व खरखर यांतील भेद कळत नाही. तारेवर बोल १०० भाग आणि खरखर १० भाग आली, तर दसपट केल्यावर १००० आणि १०० होतात. गुणोत्तर १० चे १०च! लांब तारही दोहोंना सारखीच गोळा करते. तेव्हा विचार बोलाच्या जोराचा नव्हे, या गुणोत्तराचा करावयास हवा.

तार क्षणभर काढून पाहा. खरखर एकदम मंदावली, तर दोष यंत्राचा नसून ती बाहेरून येत आहे. मध्यम लहरींवर बहुधा असेच घडते. इंदुरास १९५५ साली आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हाही आकाशात विजा कडाडत होत्याच; एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मात्र पुढे आले. यांतील हलक्या प्रतीचे नग एखाद्या दूरच्या वादळाहूनही अधिक उपद्रव देतात.

लहान ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची कांडी असते. तिचे टोक खरखरीच्या उगमाकडे वळविले की खरखर क्षीण होते. बोलही थोडा उतरेल, परंतु तो स्पष्ट होईल. (केंद्र व उपद्रव एकाच दिशेस असल्यास मात्र नाइलाज!)

या खरखरीचा तिरस्कारच करावा असेही नाही. अमेरिकेत कार्ल जान्स्की दूरध्वनीतील खरखरीचा शोध घेत होते. त्यांना एक मंद फुसफुस आढळली. ती दररोज चार मिनिटे आधी येई, म्हणजे सूर्याच्या नव्हे, ताऱ्यांच्या घड्याळाने चाले. ती आकाशगंगेतून येत असल्याचे त्यांनी १९३३ साली जाहीर केले. पुढे असलेच क्षीण संकेत टिपण्यासाठी प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण उभी राहिली. ती जागा निवडताना मानवनिर्मित खरखर तेथे कमी आहे, हेही पाहिले गेले.

शास्त्रज्ञांनी शांत जागा शोधली. हातोदकरांना गाव हलविता येणार नाही. म्हणून आपल्या शाळेतील मुलांनी एखाद्या संध्याकाळी बोलके केंद्र लावून ट्रान्झिस्टर हाती घ्यावा, घरातील एकेक चार्जर काढावा, एकेक दिवा मालवावा, आणि कोणत्या बटणापाशी निवेदकाचा शब्द उलगडतो ते वहीत टिपून ठेवावे.