विश्लेषण : मुलांच्या पुस्तकासाठी साहित्य एजंट लागतो का? तो शोधायचा कसा आणि फसवणूक कशी ओळखायची?

मुलांसाठी गोष्ट लिहून झाली, घरच्यांना आणि मित्रांना आवडलीही. पुढे काय? इंटरनेटवर शोध घेतला की पहिला सल्ला मिळतो, ‘आधी लिटररी एजंट शोधा’. अमेरिका-ब्रिटनमधल्या लेखकासाठी हा सल्ला बरोबर आहे. पुण्यात किंवा नांदेडमध्ये बसून मराठीत लिहिणाऱ्यासाठी चित्र बरंच वेगळं आहे. हा फरक माहीत नसला तर वेळ जातो आणि कधी कधी पैसेही जातात.

एजंट नेमकं काय करतो?

एजंट हा लेखकाचा प्रतिनिधी असतो. तो हस्तलिखित योग्य संपादकापर्यंत पोहोचवतो, व्यवहार ठरवतो आणि करार तपासतो. अमेरिकेतले बहुतेक मोठे प्रकाशक एजंटाविना आलेलं हस्तलिखित सहसा स्वीकारतच नाहीत. त्यामुळे तिथे एजंट मिळणं हाच पहिला टप्पा ठरतो.

मोबदल्याचं गणित सोपं आहे. देशांतर्गत व्यवहारात साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांच्या विक्रीत साधारण २० टक्के कमिशन. म्हणजे प्रकाशकाने लेखकाला एक लाख रुपये दिले, तर त्यातले १५ हजार एजंटाचे. पुस्तक विकलं गेलं नाही, तर त्याला काहीच मिळत नाही.

एजंटामुळे किती फरक पडतो?

‘हॅरी पॉटर’चं उदाहरण घ्या. जे. के. रोलिंग यांचं पहिलं पुस्तक ख्रिस्तोफर लिटल यांच्या एजन्सीने प्रकाशकांकडे पाठवलं. अनेक नकारांनंतर ब्लूम्सबरीने ते स्वीकारलं आणि १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध केलं. पण अमेरिकेतले हक्क त्या व्यवहारात दिलेले नव्हते. त्यांचा वेगळा लिलाव झाला आणि स्कोलास्टिकने सुमारे १ लाख ५ हजार डॉलर मोजले. एकाच पुस्तकाचे हक्क देशानुसार आणि माध्यमानुसार वेगवेगळे विकता येतात. एजंटाचं खरं काम इथे दिसतं.

बालसाहित्याचे नियम वेगळे का?

इथे वयोगट ठरलेले असतात. लहानग्यांची चित्रपुस्तकं, साधारण ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी ‘मिडल ग्रेड’ आणि १२ ते १८ साठी ‘यंग अडल्ट’. पुस्तक कोणत्या गटातलं आहे हे एजंटाला पहिल्याच पत्रात कळायला हवं.

चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं असतं आणि त्याचा मजकूर सहसा पूर्ण पाठवतात. कादंबरीसाठी आधी एक पानाचं पत्र, थोडक्यात कथानक आणि सुरुवातीची काही पानं मागितली जातात. नवख्यांची एक चूक ठरलेली आहे. पदरचे पैसे खर्चून ते आधीच चित्रकाराकडून चित्रं काढून घेतात. इंग्रजी प्रकाशनविश्वात चित्रकार बहुतेक वेळा प्रकाशकच निवडतो. लेखक स्वतःच चित्रकार असेल, तर गोष्ट वेगळी.

भारतात काय परिस्थिती आहे?

दिल्लीची रायटर्स साइड, जयपूरची सियाही अशा मोजक्या एजन्सी आहेत आणि त्यांचं काम मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचं आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी मात्र एजंट ही अट नाही. प्रथम बुक्स, चेन्नईची तूलिका यांसारख्या संस्था थेट लेखकांकडून मजकूर घेत आल्या आहेत. तूलिका मराठीतही पुस्तकं काढते. कोणता मजकूर कधी स्वीकारला जातो हे बदलत असतं, म्हणून पाठवण्याआधी त्यांचं संकेतस्थळ पाहावं.

प्रथमच्या ‘स्टोरीवीव्हर’ या व्यासपीठावरच्या गोष्टी खुल्या परवान्याखाली असतात. त्या कुणीही अनुवादित करू शकतो, पुन्हा वापरू शकतो. गोष्ट दूरवर पोहोचते, पण तिच्यावरचं नियंत्रण सुटतं. हे आधी समजून मगच होकार द्यावा.

आणि मराठीत?

मराठीत एजंटाची पद्धत रुजलेली नाही. लेखक थेट प्रकाशकाला हस्तलिखित पाठवतो आणि पुष्कळदा व्यवहार शब्दावर होतो. अडचण इथेच आहे. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ पुस्तकातून दूरदर्शनवर गेला आणि २०१७ मध्ये मोठ्या पडद्यावर आला. तुमच्या गोष्टीवर उद्या मालिका, ऑडिओबुक किंवा अनुवाद झाला, तर पैसे कोणाचे? याचं उत्तर करारात असतं आणि तो करार वाचणारा एजंट इथे नसतो.

म्हणून कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ माहीत असलेलं बरं. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारत. ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ अशी ओळ दिसली, तर सही करण्याआधी थांबा आणि कोणते हक्क, किती वर्षांसाठी, किती रॉयल्टीवर हे लिहून मागा.

फसवणूक कशी ओळखायची?

‘तुमचं पुस्तक आम्हाला फार आवडलं’ असा परदेशी एजंटाच्या नावाने मेल येतो. पुढे वाचन शुल्क, नोंदणी शुल्क किंवा संपादनाचा खर्च मागितला जातो. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेची आचारसंहिता सदस्यांना वाचन शुल्क घेऊ देत नाही. खऱ्या एजंटांची नावं वापरून असे मेल पाठवले जात असल्याचा इशारा ‘रायटर बिवेअर’ हा उपक्रम वारंवार देत आला आहे.

तपासणी सोपी आहे :

- मेलचा पत्ता एजन्सीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या पत्त्याशी जुळतो का?
- एजंटाने विकलेल्या पुस्तकांची नावं मिळतात का? त्या पुस्तकांच्या ऋणनिर्देशात त्याचं नाव आहे का?
- सही करण्याआधी पैसे मागितले आहेत का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर पहिले दोन तपासायचीही गरज नाही. पुस्तकाच्या व्यवहारात पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे येतो आणि एजंटाचा वाटा त्यातूनच निघतो.