पाचशेच्या आतले गाव

गावाला रस्ता का नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा पैशाच्या टंचाईत शोधले जाते. परभणी जिल्ह्यापुरते तरी ते काही अंशी शिरगणतीच्या तारखेतही शोधावे लागेल.

लोकसंख्या पाहून रस्ता मंजूर करण्याची पद्धत जुनी आहे. पाचव्या पंचवार्षिक योजनेतील (1974-79) किमान गरजा कार्यक्रमात 1500 व त्याहून अधिक वस्तीची गावे बारमाही रस्त्यांनी जोडण्याचे ठरले. डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने मैदानी भागासाठी ही मर्यादा 500 पर्यंत खाली आणली. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या तिच्या चौथ्या टप्प्यातही सर्वसाधारण मैदानी भागासाठी ती तेवढीच आहे. आधार मात्र 2011 च्या जनगणनेचा. मर्यादा असणे मुळीच गैर नाही. पैसा मोजका असेल तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि हजार माणसांचा रस्ता दोनशेंच्या रस्त्याआधी व्हावा यात अन्यायही नाही. प्रश्न आहे तो माणसे कधी मोजली जातात, हा.

2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण मुदतीत जो आपल्या घरी नसेल, त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे करावयाची, असा दंडक आहे. फेब्रुवारी हा ऊसतोडीचा ऐन हंगाम. बालाघाटच्या रांगांतील गंगाखेड व पालम, तसेच उत्तरेकडील जिंतूर या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास निघालेली कुटुंबे तेव्हा दूरच्या साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहिलेली असतात. मागे उरतात म्हातारी माणसे, काही शाळकरी मुले आणि कुलपे. समजा, एखाद्या वाडीत वस्तुतः 540 माणसे आहेत आणि त्यांतील साठ ऊसतोडीला गेली आहेत. कागदावर ती 480 ची वाडी होते आणि रेघेच्या खाली जाते. तिच्या साठ माणसांची भर पडते ती कारखान्याकडच्या गावाला, ज्याच्या दारात ऊस वाहण्यासाठी रस्ता आधीच आलेला असतो!

सरकारला ऋतुमान कळत नाही, असेही नव्हे. आगामी जनगणनेसाठी जून 2025 मध्ये निघालेल्या अधिसूचनेत 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख देताना हिमाच्छादित प्रदेशांसाठी 1 ऑक्टोबर 2026 ही वेगळी तारीख ठरविण्यात आली. बर्फासाठी जी सवलत मिळते, ती उसासाठी कोणी मागितल्याचे दिसत नाही.

रस्ता नसल्याची किंमत या काळ्या जमिनीच्या मुलुखात पावसाळ्यात कळते. पाणी पडले की माती फुगते आणि बैलगाडीचे चाकही रुतून बसते. पालम तालुक्यात लेंडी नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा तालुक्याशी संबंध तुटतो. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास विनामूल्य आहे. मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे आहे. परंतु गाडी फाट्यापर्यंतच येत असेल तर या सवलती फाट्यावरच राहतात. फाटा तीन-चार कोसांवर असलेल्या घरातली मुलगी सातवीनंतर घरी बसते, आणि दोन-तीन वर्षांत कोयत्याची जोडीदारीण होऊन ऊसतोडीला जाते. म्हणजे रस्ता नाही म्हणून स्थलांतर, आणि स्थलांतर आहे म्हणून पुढल्या गणतीत पुन्हा रस्ता नाही.

1999 मध्ये हिंगोली वेगळा झाल्यानंतर उरलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये 18,36,086 होती. एवढ्या मोठ्या आकड्यात साठ माणसांची चूक कोणास दिसणार? तथापि ती दुरुस्त करणे अवघड नाही. मतदारयादी, शिधापत्रिका आणि शाळेचा पट ही तीन दप्तरे गावोगाव उपलब्ध आहेत. जनगणनेचा नियम केंद्राचा असला, तरी 2015 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री ग्राम सडक योजना राज्याची स्वतःची आहे. जी वाडी थोडक्यासाठी पाचशेच्या आत राहते, तिच्याबाबत ही दप्तरे ताडून पाहावीत, असा नियम राज्य सरकार स्वतःच्या अधिकारात करू शकते. जिल्हा परिषदेने अशा वाड्यांची यादी फेब्रुवारी 2027 पूर्वी, म्हणजे पोळा ते दसरा या काळात माणसे गावी असतानाच तयार करावयास हवी.