स्काउटच्या बॅजवर स्वस्तिक होतं, ते आलं कुठून आणि १९३५ साली गेलं का?

जून २०२०. इंग्लंडमधल्या पूल शहरात समुद्रकिनाऱ्यावरच्या एका पुतळ्याभोवती लोक पहारा देत उभे होते. त्यात जुने स्काउटही होते. पुतळा होता स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा. काही दिवसांपूर्वीच ब्रिस्टलमध्ये आंदोलकांनी गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा उखडून पाण्यात टाकला होता. आता पुढचा नंबर कुणाचा, याच्या याद्या फिरायला लागल्या आणि त्यात बेडन-पॉवेल यांचंही नाव होतं. वंशवादी विचार आणि नाझींबद्दल सहानुभूती, असे आरोप त्यांच्यावर होते. स्थानिक कौन्सिलने पुतळा तात्पुरता हलवायचं ठरवलं, लोक आडवे आले, शेवटी पुतळ्याभोवती फळ्या ठोकून तो झाकण्यात आला.

बेडन-पॉवेल आणि नाझी असा विषय निघाला की एक फोटो हमखास पुढे येतो. जुना धातूचा बॅज, त्यावर स्काउटचं तीन पाकळ्यांचं फूल आणि त्या फुलामागे चक्क स्वस्तिक. फोटोखाली फार काही लिहावं लागत नाही. बघणारा काय समजायचं ते समजतो.

फोटो बनावट नाही, बॅज खरा आहे. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष तपासायचा असेल, तर स्काउटच्या बॅजची गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागते. आणि ती सुरू होते आपल्या मेरठमध्ये.

मेरठचं फूल

१८९७ साली बेडन-पॉवेल ब्रिटिश फौजेच्या पाचव्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळाचे प्रमुख म्हणून भारतात आले. रेजिमेंटचा मुक्काम मेरठला होता. शत्रूच्या हद्दीत पुढे जाऊन टेहळणी करायची, माग काढायचा, नकाशा वाचायचा, हे काम करणाऱ्या शिपायांना त्या काळी स्काउट म्हणत. बेडन-पॉवेल यांनी ते शिकवायला सुरुवात केली आणि जो शिपाई त्यात तयार होईल, त्याला दंडावर लावायला एक खूण दिली. होकायंत्रावर आणि जुन्या नकाशांवर उत्तर दिशा दाखवायला लिलीसारखं तीन पाकळ्यांचं चिन्ह काढलेलं असतं, फ्रेंचमध्ये त्याला फ्लर-द-ली म्हणतात. तीच ही खूण. वाट न चुकणारा आणि दुसऱ्यांना वाट दाखवणारा माणूस, असा तिचा अर्थ.

दहा वर्षांनी, ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी पूलजवळच्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं. काही मुलं बड्या घरची आणि महागड्या शाळांतली, काही कामगारांच्या घरची. गणवेश असा नव्हताच. खांद्यावर रंगीत लोकरीची गाठ, तिच्या रंगावरून कोण कुठल्या तुकडीचा ते कळायचं. लांडगे निळे, बैल हिरवे, डोमकावळे लाल आणि कर्ल्यू नावाच्या पाणपक्ष्यांची तुकडी पिवळी. या मुलांना पितळेचं तेच तीन पाकळ्यांचं फूल मिळालं. गाठी मारणं, माग काढणं अशा परीक्षा दिल्यावर आणखी एक पितळी पट्टी मिळाली, तिच्यावर ‘तयार राहा’ या अर्थाचं ब्रीद होतं.

पुढे टीका झाली, की ही तर भाल्याची पात आहे, पोरांच्या अंगावर युद्धाचं चिन्ह कशाला? बेडन-पॉवेल यांचं म्हणणं होतं, ही होकायंत्रातली उत्तर दिशा आहे. म्हणजे बॅजचा अर्थ बनवणाऱ्याने लावायचा की बघणाऱ्याने, हा वाद अगदी पहिल्या बॅजपासूनचा आहे.

मग स्वस्तिक कुठून आलं?

स्काउटचे बहुतेक बॅज कमवावे लागतात. प्रथमोपचार येतात, पोहता येतं, स्वयंपाक येतो, हे करून दाखवलं की बाहीवर बॅज. १९११ मध्ये एक वेगळाच बॅज सुरू झाला. तो स्काउटसाठी नव्हताच. ज्या बाहेरच्या माणसाने स्काउटांना मदत केली, राहायला जागा दिली किंवा अडचणीत हात दिला, त्याला आभार म्हणून द्यायचा. नावही ‘थँक्स बॅज’. हा बॅज लावलेला माणूस कुठेही दिसला, तर स्काउटने त्याच्या मदतीला जावं अशी अपेक्षा होती. या आभाराच्या बॅजवर फुलामागे स्वस्तिक होतं. कारण साधं होतं, शुभेच्छा.

भारतीय वाचकाला यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. चोपडीच्या पहिल्या पानावर, उंबऱ्यावर, नव्या गाडीच्या बॉनेटवर आपण तेच करतो. पण त्या काळात युरोप-अमेरिकेतही स्वस्तिक हे नशीब उजळवणारं चिन्ह म्हणून चांगलंच चालायचं. डेन्मार्कची कार्ल्सबर्ग बिअर ते लोगोत वापरायची. कोपनहेगनमधल्या त्यांच्या जुन्या कारखान्याच्या दारातल्या दगडी हत्तींवर ते आजही आहे. अमेरिकी सैन्याच्या ४५ व्या डिव्हिजनच्या खांद्यावर पिवळं स्वस्तिक होतं, ते त्या भागातल्या मूळनिवासी जमातींकडून घेतलेलं. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या पुस्तकांवर तर वर्षानुवर्षं गणपतीसारखं हत्तीचं डोकं आणि स्वस्तिक छापलेलं असायचं. किपलिंग बेडन-पॉवेल यांचा मित्र. लहान मुलांच्या ‘कब’ विभागातले अकेला, बालू वगैरे त्याच्याच ‘जंगल बुक’मधून आलेले आहेत.

१९२२ मध्ये स्काउटमध्ये चांगलं काम करणाऱ्यांसाठी ‘मेडल ऑफ मेरिट’ सुरू झालं, त्यावरही स्वस्तिक आलं. आता इथे तारखा जरा नीट बघायला हव्यात. हिटलरच्या पक्षाने स्वस्तिकाचा झेंडा घेतला १९२० मध्ये. म्हणजे आभाराचा बॅज त्याच्या नऊ वर्षं आधीचा. मेडल मात्र दोन वर्षं नंतरचं, पण तेव्हा तो पक्ष म्हणजे म्युनिकमधली एक गलका करणारी टोळी होती. लंडनमध्ये बसून मेडल ठरवणाऱ्यांना तिची दखल घ्यावीशी वाटण्याचं कारण नव्हतं.

१९३३ ला हिटलर सत्तेवर आला आणि चित्र बदललं. ज्याच्या छातीवर शुभेच्छा म्हणून स्वस्तिक होतं, त्याला रस्त्यात लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले. १९३४ मध्ये स्काउटांच्या नेत्यांनीच चिन्ह बदला अशी मागणी लावून धरली. १९३५ मध्ये नवं मेडल आलं, स्वस्तिक नसलेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीत स्वस्तिकाचा झेंडा हा एकमेव राष्ट्रध्वज झाला.

किपलिंगनेही आपल्या पुस्तकांवरून ते काढायला लावलं. अमेरिकेच्या ४५ व्या डिव्हिजनने १९३९ मध्ये त्या जागी थंडरबर्ड हा पुराणकथेतला पक्षी घेतला. फेब्रुवारी १९४० मध्ये तर नावाहो, होपी, अपाची आणि पापागो जमातींच्या प्रतिनिधींनी लेखी जाहीर केलं, की आमच्या विणकामात आणि भांड्यांवर आम्ही हे चिन्ह यापुढे काढणार नाही. पिढ्यान् पिढ्यांचं स्वतःचं चिन्ह त्यांनी सोडलं, दुसऱ्या खंडातल्या एका पक्षाने ते पळवलं म्हणून. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठी किंमत त्यांनी मोजली, आणि त्यांची आठवण सगळ्यात कमी निघते.

तिकडे नाझी स्काउटांचं काय करत होते?

बंदी घालत होते. जर्मनीतल्या स्काउट संघटना मोडून मुलांना ‘हिटलर युथ’मध्ये ओढण्यात आलं. हुकूमशाही राजवटींना स्काउटची पद्धत हवी असते, स्काउट नको असतो. गणवेश, तुकडी, बॅज, गळ्यातला स्कार्फ यांची मुलांवर पडणारी मोहिनी त्यांना बरोबर कळलेली असते. सोव्हिएत रशियाने हेच आधी केलं होतं. स्काउट बंद केले आणि १९२२ मध्ये ‘पायोनियर’ आणले. स्कार्फ राहिला, फक्त लाल झाला. ‘तयार राहा’ हे ब्रीदही राहिलं, त्याला ‘सदैव तयार’ असं उत्तर जोडलं.

नाझींनी ब्रिटन जिंकल्यावर कुणाकुणाला अटक करायची याची यादी तयार केली होती. ती पुढे ‘ब्लॅक बुक’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्यात बेडन-पॉवेल यांचं नाव होतं, कारण स्काउट ही हेरांची संघटना आहे असा नाझींचा समज होता.

म्हणून बेडन-पॉवेल यांच्यावरचे सगळे आरोप खोटे ठरतात का? नाही. १९३७ मध्ये त्यांची लंडनमध्ये जर्मन राजदूत रिबेनट्रॉप यांच्याशी भेट झाली होती आणि स्काउट व हिटलर युथ यांच्यात संबंध वाढवण्यावर बोलणं झालं होतं. ब्रिटिश गुप्तचर खात्याची ती कागदपत्रं २०१० मध्ये खुली झाली. १९३९ च्या डायरीत त्यांनी हिटलरच्या ‘माइन काम्फ’मधल्या शिक्षण आणि आरोग्याबद्दलच्या विचारांचं कौतुक केलं आहे. त्याच ओळीत हिटलर स्वतः हे आदर्श पाळत नाही, असंही म्हटलं आहे. यावर चर्चा जरूर व्हावी, पुतळ्याचं काय करायचं तेही त्या शहराने ठरवावं. पण ती चर्चा या कागदांवर व्हायला हवी. १९११ च्या आभाराच्या बॅजला साक्षीदार करून काही सिद्ध होत नाही.

व्हॉट्सॲपवरचं ‘उलटं स्वस्तिक’

आपल्याकडे याच विषयावर दुसऱ्या बाजूने एक मेसेज फिरतो, की हिटलरचं स्वस्तिक उलटं होतं, आपलं सरळ आहे. हे चूक आहे. नाझी झेंड्यावरच्या स्वस्तिकाच्या भुजा आपल्या दारातल्या स्वस्तिकासारख्याच उजवीकडे वळतात. झेंड्यावर ते तिरकं उभं केलेलं असायचं हा फरक खरा, पण तोही पक्का नाही. हिटलरच्या स्वतःच्या निशाणावरचं स्वस्तिक सरळ होतं. त्यामुळे नुसता आकार बघून निवाडा होत नाही. वस्तू कधीची, कुणी कुणाला दिलेली, सोबत दुसरं कोणतं चिन्ह आहे, हे बघावं लागतं. स्काउटचं फूल असेल, तर बहुतेक वेळा तारीख १९३५ च्या आधीची निघते.

हा फरक आता कायद्याचाही विषय आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्न जिथे आहे तिथे, डिसेंबर २०२२ पासून नाझी चिन्ह जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या धार्मिक वापराला त्यातून वगळलं आहे. त्यामुळे तिथल्या मराठी घराच्या दारातली रांगोळी कायद्याने सुरक्षित आहे. शेजाऱ्याला समजावून सांगायचं काम मात्र उरतंच.

फिनलंडमध्ये गोष्ट आणखी गुंतागुंतीची. त्यांच्या हवाई दलाचं स्वस्तिक १९१८ चं. एका स्वीडिश उमरावाने भेट दिलेल्या विमानावर ते होतं. हवाई दलाच्या मुख्यालयाने २०१७ मध्ये ते आपल्या बोधचिन्हातून गुपचूप काढलं, लोकांच्या लक्षात आलं २०२० मध्ये. तुकड्यांच्या झेंड्यांवर मात्र ते राहिलं. फिनलंड २०२३ मध्ये नाटोत गेला, परदेशी अधिकाऱ्यांचं येणं-जाणं वाढलं, पाहुण्यांसमोर अवघडल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी २०२५ मध्ये झेंड्यांवरूनही ते जाणार असं सांगण्यात आलं. स्काउटांनी १९३५ मध्ये जे केलं, ते करायला फिनलंडला आणखी नव्वद वर्षं लागली.

आणि आपल्या स्काउटच्या खिशावर?

भारतात बॅजचा प्रश्न आधी वेगळाच होता. तो मिळणार कुणाला? १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं स्काउट पथक निघालं, ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. मेरठमध्ये पहिल्यांदा वापरलं गेलेलं फूल भारतीय मुलांना मात्र लावता येत नव्हतं. सरकारला भीती होती, की माग काढायला आणि टेहळणी करायला शिकलेली पोरं उद्या क्रांतिकारक व्हायची. मग लोकांनी आपापल्या संघटना काढल्या. मद्रासला ॲनी बेझंट यांनी, अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बऱ्याच संघटना एक झाल्या, पण मालवीयांची सेवा समिती बाहेरच राहिली.

स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना मिळून ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ झाली. पुढच्या वर्षी मुलींच्या गाइडही त्यात आल्या. आता नवं चिन्ह हवं होतं. इंग्रजांच्या वेळचं फूल फेकून देता आलं असतं, तसं केलं नाही. फूल ठेवलं, त्यावर गाइडचं तीन पानांचं चिन्ह बसवलं आणि मधोमध चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र आणलं. कुठल्याही एका धर्माचं चिन्ह त्यात घेतलं नाही. २०२५ मध्ये या चिन्हाच्या संघटनेला ७५ वर्षं झाली. आज जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा प्रवेशाची चाचणी देऊन पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जातो, तेव्हा त्याच्या गणवेशावर हेच चिन्ह असतं. त्यातल्या चक्राबद्दल त्याला शाळेत शिकवतात. त्याखालचं फूल पहिल्यांदा मेरठच्या छावणीत एका गोऱ्या शिपायाच्या दंडावर लागलं होतं.