धाग्याच्या भांगेचें बियाणें आणि फुलोरा

सरकारी परवान्यानें धाग्यासाठीं भांग पिकविण्याची चर्चा सांप्रत पुष्कळ होते. उत्तराखंडांत असा परवाना २०१८ सालीं देण्यांत आला. परवान्यावांचून हें पीक घेणें १९८५ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. परंतु परवाना मिळाला म्हणजे सर्व साधलें, असें आम्हांस वाटत नाहीं.

बियाणें विकणारा ‘इतक्या दिवसांत फुलोरा’ असें सांगतो. हा आंकडा केवळ जातीचा नसून, ती जेथें वाढली तेथील दिवसमानाचाहि असतो. दिवसाच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो, हें गार्नर व अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं तंबाखू, सोयाबीन इत्यादि पिकांवरून दाखविलें. युरोपांतील धाग्याच्या कित्येक जाती दिवस सुमारें १४ तासांहून लहान झाला कीं फुलूं लागतात. पुण्याकडे सर्वांत मोठा दिवसच सव्वातेरा तासांचा! तेथें अशी जात ठेंगणी असतांनाच फुलेल व धागा आंखूड निघेल. उलट, दक्षिणेकडील जात फार उत्तरेस नेल्यास बीं पिकण्यापूर्वींच थंडी गांठते. रुडेरालिस जातीची तऱ्हा निराळी. ती दिवसमान न पाहतां वयाप्रमाणें फुलते.

उशिरां पेरलेली अंबाडी ठेंगणी राहून फुलते, हें आपले शेतकरी जाणतातच. म्हणून आमचें मत असें कीं, बियाण्याच्या पिशवीवर मूळ स्थान, पेरणीची व फुलोऱ्याची तारीख छापणें सक्तीचें करावें; आणि परवानाधारकानें पहिल्या वर्षीं एकदोन गुंठ्यांतच परीक्षा पाहावी. बियाणें फसल्यास वर्ष पेरणाऱ्याचें जातें, विकणाऱ्याचें नव्हे.