तुवालूचा सातबारा

जमिनीचा तुकडा कितीही लहान असो, त्याच्या सातबाऱ्यात घोळ झाला की मालकाचा जीव टांगणीला लागतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. परंतु उद्या ती जमीनच समुद्राने गिळली तर त्या उताऱ्याला काय अर्थ उरेल? प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशापुढे हा प्रश्न प्रत्यक्षात उभा ठाकला आहे. म्हणूनच तेथील दप्तरखान्यातील जीर्ण कागद आणि नकाशे यांचे जतन हा केवळ इतिहासप्रेमींचा विषय राहिलेला नाही.

नऊ बेटे, अवघे २६ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि सुमारे ११ हजार लोकवस्ती, एवढाच हा देश. ब्रिटिश राजवटीत तो 'गिल्बर्ट आणि एलिस बेटे' या वसाहतीचा भाग होता. कारभार बराच काळ दूरच्या तारावाहून चाले. १९७८ मध्ये तुवालू स्वतंत्र झाला, पण त्याचा भूतकाळ विखुरलेलाच राहिला. पश्चिम प्रशांत उच्चायुक्तालयाची कागदपत्रे २००२ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाकडे गेली. राजधानी फुनाफुटीत जे उरले, त्याला खारी दमट हवा आणि कीड यांचा जाच आहेच. शिवाय १९७२ च्या 'बेबे' चक्रीवादळाने ही राजधानी जवळजवळ भुईसपाट केली होती. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांविषयीच्या योजनेतून येथील काही कागदपत्रांच्या प्रती काढल्या गेल्या, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

जुन्या नकाशाचे मोल काय असते, याचे उत्तम उदाहरण फुनाफुटीनेच दिले आहे. प्रवाळबेटे कशी घडतात, याविषयीचा डार्विनचा सिद्धान्त तपासण्यासाठी १८९६ ते १८९८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीने येथे मोहिमा पाठवल्या. त्या वेळी बेटांचे बारकाईने नकाशे काढण्यात आले. शंभरहून अधिक वर्षांनी संशोधकांनी त्यांची तुलना हवाई आणि उपग्रह छायाचित्रांशी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष चकित करणारा होता. समुद्र चढत असतानाही फुनाफुटीच्या २९ बेटांचे एकूण क्षेत्रफळ ७.३ टक्क्यांनी वाढले होते. अर्थात, यावरून धोका टळला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. क्षेत्रफळ वाढले तरी भरतीचे पाणी घरांत शिरायचे थांबत नाही आणि 'पुलाका' या कंदाच्या खाचरांत खारे पाणी झिरपतेच. मात्र तो जुना नकाशा नसता, तर हा वाद निव्वळ तर्कावर चालला असता.

नकाशांना आता कायद्याचेही वजन आले आहे. तुवालूची खरी दौलत जमिनीत नसून समुद्रात आहे. सात लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या सागरी क्षेत्रातील मासेमारीचे परवाने हा सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार. किनारा मागे हटला तर ही हद्दही आक्रसणार काय? जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लागार मतानुसार, समुद्रपातळी वाढली म्हणून रीतसर नोंदवलेले नकाशे बदलण्याचे बंधन देशांवर नाही. म्हणजे भूमी सरकली तरी नकाशा टिकेल! तुवालूने २०२३ मध्ये राज्यघटनेतच आपले राष्ट्रत्व कायम राहील असे नमूद करून ठेवले आहे.

२०२२ पासून तुवालू 'डिजिटल राष्ट्रा'चा संकल्प बोलून दाखवत आहे. संकल्प स्तुत्य असला, तरी संगणकीय प्रत म्हणजे जतनाची इतिश्री नव्हे. यंत्रे कालबाह्य होतात आणि प्रतींच्या चाव्या परदेशी संस्थांच्या हाती राहण्याचा धोका असतो. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे दरवर्षी २८० तुवालूवासी तेथे स्थलांतर करू शकतात. येथील जमीन बहुधा कुटुंबाच्या सामाईक मालकीची. गेलेल्यांच्या नातवंडांना आपला वाटा कोणता, हे सांगायला नोंदवह्यांवाचून दुसरे कोण उरणार? तेव्हा मूळ कागद, त्यांच्या अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रती आणि त्या वाचू शकणारी स्थानिक माणसे, या तिन्हींवर एकाच वेळी खर्च करावा लागेल. समुद्राला बांध घालण्याच्या तुलनेत तो खर्च किरकोळ आहे. तो टाळला, तर बेटे शाबूत राहूनही तुवालूची ओळख बुडू शकेल.